गगनबावड्याहून येणारं मिक्सिंग

१६ जून, सोमवार

पुण्याच्या ऋता मॅडमनी हुकूम काढला आहे की आमच्या स्टुडिओत रोज कोण काय करतं ते एका शीटमध्ये भरायचं. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे चालू, लाल म्हणजे अडलं. ते शीट मॅडमना पुण्यात दिसतं, धवलला माझ्या शेजारी दिसतं, ज्ञानूला गगनबावड्यात दिसतं. सगळ्यांना दिसणाऱ्या कागदावर माणूस खरं काय लिहिणार? म्हणून ही वही आणली. नंदिनी म्हणाली, "बावन्नाव्या वर्षी डायरी?" मी म्हटलं, बायकोला न दाखवता लिहिणार आहे, तेव्हा तू चहा टाक.

काम मोठं आहे. जिल्ह्यातल्या जुन्या कारागिरांवर दहा भागांची मालिका, मॅडमच्या कंपनीच्या ॲपवर येणार. आजवर मी लग्नं केली, बारशी केली, साखर कारखान्याच्या सभा केल्या. हे नीट पार पडलं तर राजारामपुरीतला हा स्टुडिओ टिकेल, नाहीतर पुन्हा नवरदेवाच्या गाडीमागं कॅमेरा घेऊन पळायचं.

रीत अशी बसवली आहे. शूटिंगच्या भारी फायली स्टुडिओत राहतात. धवल त्यांच्या हलक्या प्रती काढून हार्ड डिस्कवर भरतो. डिस्क फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून गगनबावड्याच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायची. तिकडं ज्ञानू स्टँडवर उतरवून घेतो, हलक्या फायलींवर कापाकापी करतो आणि नुसता आराखडा नेटवरून पाठवतो. इकडं धवल त्या आराखड्याला भारी फायली जोडतो आणि मी मागच्या सोफ्यावर बसून बघतो. कुरुंदवाडचा अभिराम घरूनच आवाजाचं काम करतो. मॅडमनी या सगळ्याला मोठं इंग्रजी नाव दिलं आहे. मी त्याला एसटीचा धंदा म्हणतो.

ज्ञानूची काळजी वाटते. बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. एडिटिंगला आम्ही मिक्सिंग म्हणायचो तेव्हापासूनचा. तीन वर्षांपूर्वी आईला बघायला म्हणून गावी गेला. आई गेल्या वर्षी वारली, तरी परतायचं नाव नाही. पूर्वी चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप पाठवायचा, त्यात निम्म्या शिव्या. फेब्रुवारीपासून नुसतं टाइप करतो. परवा लिहिलं होतं, "कृपया दुसरी डिस्क पाठवावी." ज्ञानू आणि कृपया! खेड्यात जाऊन सुधारला म्हणायचं.

२४ जून, मंगळवार

तिसरा भाग आला. कापशीचे चप्पल करणारे आजोबा. आजोबा बोलायला वाघ आहेत, दोन तास बोललेत. आणि ज्ञानूनं काय करावं? आजोबा बोलतायत आणि चित्र त्यांच्या बायकोवर. ती मागं बसून चामड्याची वेणी घालतेय. एकवीस सेकंद! तिनं मान वर केलेली नाही, एक शब्द बोललेली नाही, आणि हा तिला सोडायला तयार नाही. धवल म्हणाला, "दादा, लोक पुढं ढकलतील हे." मलाही तसंच वाटलं. ज्ञानूचा हात असा नव्हता. तो घाई करणारा माणूस. लग्नात अक्षता पडायच्या आधी कट मारायचा.

तरी काही जागी मात्र जुना ज्ञानू दिसतो. हातोडी खाली येते आणि बरोबर त्या क्षणी चित्र बदलतं, एक फ्रेम इकडं नाही की तिकडं नाही. असं मापात कापणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. एकाच भागात दोन माणसं काम केल्यासारखी वाटतात. लहर असेल.

मी लिहिलं, "बाईवर काय एवढं थांबलास? काढ ते." उत्तर आलं, "एकदा मॅडमना दाखवावे, ही विनंती."

२५ जून, बुधवार

ऋता मॅडमना ते एकवीस सेकंदच सगळ्यात आवडले. म्हणाल्या, "अमरसिंहजी, ही बाई न बोलता सगळं सांगते. असंच सगळे भाग ठेवा." मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं थांबायला. हे शीटमध्ये लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

३ जुलै, गुरुवार

ज्ञानूला आज चार वेळा फोन केला. चारही वेळा अनुजानं उचलला. अनुजा म्हणजे त्याची बायको. लग्नाआधी ती आमच्याकडेच फोटोंचे अल्बम लावायची, तिथंच यांचं जुळलं. पहिल्यांदा म्हणाली, "ते शेताकडं गेल्यात भावोजी." मग म्हणाली, "जेवाय बसल्यात." मग, "डोळा लागलाय त्यांचा." चौथ्यांदा मी चिडून म्हटलं, "अगं, त्याला काय साप चावला का? दोन मिनिटं फोन धरता येत नाही?"

ती म्हणाली, "निरोप द्या की. मी सांगतो त्यास्नी."

निरोप दिला. अर्ध्या तासात चौथ्या भागातली दुरुस्ती करून हजर. म्हणजे गडी घरातच होता! माझ्याशी बोलायचं नाही एवढंच. बहुतेक बाहेरची कामं घेतोय आणि बायकोला पुढं करतोय. बावीस वर्षांनी माणूस असा वागला की आत काहीतरी तुटतं. मला वाईट वाटलं, उगाच कशाला नाकारू.

१४ जुलै, सोमवार

पाचव्या भागाचा क्रम सोफ्यावर बसून फिरवला. गुऱ्हाळाच्या ऐवजी आता कोल्हापुरी साज घडवणाऱ्या सोनारापासून सुरुवात. धवल, मी आणि फोनवर मॅडम, मिसळ येईपर्यंत सगळं ठरलं. समोरासमोर बसलं की काम कसं झटपट होतं. धवलनं "स्टुडिओ टीम" असा नवीन ग्रुप केला, त्यात तो, मी, मॅडम आणि अभिराम. जुन्या ग्रुपवर लग्नांचे फोटो आणि सुप्रभात फार व्हायला लागलं होतं. ठरलेलं सगळं धवलनं लगेच नव्या ग्रुपवर टाकलं. पोरगा चटपटीत आहे, सांगायची पाळी येऊ देत नाही.

२३ जुलै, बुधवार

पंचगंगा वाढली आहे. गगनबावड्याची एसटी तीन दिवस बंद, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी. अभिरामच्या कुरुंदवाडातही लोक माळ्यावर सामान चढवतायत, पण त्यानं आवाजाचं काम आधीच पाठवून दिलं. शहाणा आहे.

ज्ञानूचा पाचवा भाग नेटवरून आज आला. गुऱ्हाळापासून सुरुवात! आठ दिवसांचं काम कचऱ्यात. धवल म्हणाला, "मी टाकलं होतं की दादा ग्रुपवर. सगळ्यांनी बघितलं." मॅडमचा फोन आला, "तुमची घरून काम करणारी माणसं वाचत नाहीत का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्ञानूला लिहिलं. जे लिहिलं ते इथं लिहीत नाही, शाई खराब होईल.

२४ जुलै, गुरुवार

त्याचं उत्तर. "आम्हाला कळवले गेले नव्हते. तरी चूक आमची. चार दिवसांत नवीन करून देतो. घरात वीज नाही, बॅटरीवर चालवत आहे." आम्ही, आमची! एकटा माणूस राजासारखा बोलायला लागला आहे.

२८ जुलै, सोमवार

चार दिवसांत खरंच दिलं. पण माझं मन उतरलं ते उतरलंच.

४ ऑगस्ट, सोमवार

नवीन नियम. रोज सकाळी दहा वाजता सगळ्यांनी कॅमेरा चालू करून पंधरा मिनिटं यायचं. मॅडमची सूचना, पण मला पटली. मी सोफ्याचा माणूस आहे. मागं बसून माणसाची मान, खांदे दिसले की मला कळतं तो कामात आहे का नाही. गगनबावड्यातली मान मला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. यात चूक काय आहे?

ज्ञानूनं कळवलं, कॅमेरा बिघडला आहे. मी एसटीनं नवीन पाठवला. आता काय बिघडतंय बघू.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सात दिवस नाही, आठव्या दिवशी महाराज प्रकट झाले. अंधाऱ्या खोलीत, बाजूनं बसलेला, नुसता डावा गाल दिसत होता. श्रावणात अंगावर शाल! दाढी वाढलेली. मी म्हटलं, "काय ज्ञानोबा, जिवंत आहेस की." तो हसला. हसला म्हणजे ओठाची एक कड वर गेली, बस्स. ऋता मॅडमनी विचारलं, सहावा भाग कधी? बोलला नाही. धवल म्हणाला, "माईक बंद असंल." बाजूनं अनुजाचा हात आला, शाल सारखी केली, आणि स्क्रीन काळी झाली. मग टाइप केलेलं आलं, "सहावा भाग २२ तारखेला. क्षमस्व, नेटवर्क."

सगळं मिळून एक मिनिट. बावीस वर्षं बरोबर काढलेल्या माणसानं माझ्याशी एक शब्द बोलू नये? तोंड वाकडं करून बसला होता. धवलनं मला नंतर विचारलं, "दादा, ते रागावल्यात का तुमच्यावर?" मी म्हटलं, रागवायचा हक्क त्याचा कुठून आला?

मनातून मात्र हाललो. स्क्रीनवर तो फार म्हातारा दिसला.

२० ऑगस्ट, बुधवार

नंदिनी म्हणते, "एकदा जाऊन या की गगनबावड्याला. दीड तासाचा तर रस्ता." मी म्हटलं, सहा, सात, आठ अशी तीन भागांचं ओझं डोक्यावर पडलं आहे, गणपती तोंडावर आले, दीड तास कुठून आणू? ती म्हणाली, "मग अनुजाला तरी नीट विचारा. मला तिचा आवाज बरा वाटला नाही." बायकांना सगळ्यांचे आवाज बरे वाटत नाहीत.

खरं कारण हे की मला जायचं नाही. तोंडावर विचारलं आणि तो म्हणाला, हो, मी दुसरीकडं काम घेतलंय, तर मी काय करणार आहे?

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या गौरी यायच्या आहेत आणि मी हे लिहितोय. बावीस तारीख होऊन गेली तरी सहावा भाग आलेला नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. जो माणूस दहाच्या बैठकीला दिसत नाही त्याच्या हातात दिवाळीआधीचे भाग ठेवता येणार नाहीत. निर्णय तुम्ही घ्या. धवलचा एक दोस्त विश्वजित, मुंबईत चार वर्षं काम करून आलाय, स्टुडिओत बसायला तयार आहे.

दोन वर्षांपूर्वी केरबाचा हात थरथरायला लागला तेव्हा मी त्याला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. वीस वर्षं कॅमेरा धरलेला माणूस. लोक म्हणाले अमरसिंह दगड आहे. पण थरथरणारं चित्र घेऊन मी काय करू? तेव्हा ज्ञानू माझ्याशी महिनाभर धड बोलला नव्हता. आता त्याच्यावरच ही वेळ आली. केरबाचा निदान हात गेला होता. ज्ञानूची नियत गेली आहे, हे जास्त लागतं.

संध्याकाळी निरोप पाठवला. "ज्ञानू, तुझं-माझं आता जमत नाही. एडिटिंगचं मशीन आणि डिस्का न्यायला बुधवारी धवल येईल. राग धरू नकोस." तीन वेळा लिहून खोडला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर एका तासानं. "बरं भावोजी."

भावोजी? अनुजानं टाइप केलं असणार. एवढंही त्याला स्वतः लिहवलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

धवल मशीन घेऊन आला. म्हणाला, वहिनींनी सगळं खोक्यात बांधून ठेवलं होतं, वायरींना चिंध्या गुंडाळून. ज्ञानूदा आत झोपले होते, बाहेर आले नाहीत. वहिनींनी चहा दिला. आतून सारखा टक टक आवाज येत होता, असं धवल म्हणाला. कुणीतरी लाकडावर बोटं वाजवत असल्यासारखा.

खोक्यात एक दोनशे पानी वही निघाली. सगळ्या भागांतला एकेक शॉट लिहिलेला, मिनिट-सेकंदासह, अनुजाच्या अक्षरात. कडेला जागोजागी, "यांनी इथं थांबवलं", "यांना पटलं नाही, परत", "यांनी इथं थांबवलं". म्हणजे साहेब लोडाला टेकून हुकूम सोडणार आणि बायको लिहून घेणार. तिच्या जिवावर एवढा तोरा! वही कपाटात टाकली.

मॅडमनी आज पहिल्या पाच भागांची नावं मागितली, शेवटच्या पाटीसाठी. संकलन कुणाचं? मी म्हटलं, धवल. ज्ञानू आता आपल्यात नाही, आणि शेवटी भारी फायली जोडून भाग पुरा धवलनंच केलाय. धवल शेजारीच बसला होता. त्यानं शीटमधला तो रकाना हिरवा केला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सहावा आणि सातवा दोन्ही परत आले. विश्वजितनं कापलेत. चकचकीत आहेत, दर दोन सेकंदाला उडी. घोंगडी विणणारा माणूस आहे का मोटारसायकलची जाहिरात, कळत नाही. ऋता मॅडम म्हणाल्या, "पाटीवर नाव कुणाचंही असो, तीन आणि चार ज्यांनी कापले त्यांनाच हे द्या ना. ती नजर कुठं गेली?"

मी म्हटलं, तो माणूस आजारी आहे. तोंडातून सहज गेलं. खोटं बोलताना माणसाच्या तोंडात काय येईल सांगता येत नाही.

विश्वजितला मागं बसून सांगायला गेलो, "इथं थांब. बाईवर थांब." किती? म्हणाला. किती ते मला सांगता येईना. मी तीस वर्षं या धंद्यात आहे आणि मला सांगता येईना, याची लाज वाटली. कपाटातली ती वही काढून बघितली. सहाव्या भागाची निम्मी पानं तीत लिहिलेली आहेत. आकडे कळतात, पण त्यावरून भाग होत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज गेलो. आधी जायला हवं होतं, हे वाक्य मी आता किती वेळा लिहिलं तरी त्याचा उपयोग नाही.

स्टँडवर घर विचारलं तर पानवाला म्हणाला, "कोण, ज्ञानूआबा? ते पडून असत्यात त्येच न्हवं?" मला वाटलं दुसराच कुणीतरी.

दार अनुजानं उघडलं. "आलासा व्हय भावोजी. या." एवढंच. आत खाटेवर ज्ञानू. उजवा हात लाकडासारखा, तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे उघडे. मी "ज्ञानू" म्हणून ओरडलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग कौलांकडं बघितलं.

फेब्रुवारीत झालं. सकाळी दात घासताना पडला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलं होतं? ती म्हणाली, "कोल्हापुरातच. अकरा दिस हुतो. तुमच्या स्टुडिओपास्नं दोन चौक पलीकडं."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती चुलीकडं बघत बोलली. "केरबादाजींना घरी बसवलासा तवा हे मला म्हणालं हुतं, माझं काय बी झालं तर अमरदाला कळू देऊ नगंस, काम जाईल. मग मी केलं काम. अल्बम लावायचं येत हुतं, ह्यांच्या शेजारी बसून बघून बघून हे बी आलं. डॉक्टर म्हणालं, त्यांना आवडतंय त्यात गुंतवा. म्हणून खाट ओढून मशीनपाशी लावली. मी चित्र चालवायचो. जिथं कापाय पायजे तिथं हे डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थाप मारायचं. चुकलं की दोन थापा."

मी खाली बसलो. मापात पडणारे सगळे कट त्याचे होते. थांबून राहणारी चित्रं तिची होती.

"मशीन गेलं त्यावर आठ-धा दिस खाटेच्या लाकडावर थाप मारत हुतं," ती म्हणाली. "रिकाम्या टेबलाकडं बघून. मला वाटायचं काय पायजे म्हणत्यात. मग एक दिस थांबलं ते थांबलंच. आता डावा हात बी उचलत न्हाईत. चमच्यानं भरवतो. गिळत्यात तेवढं गिळत्यात."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या मशीन आणतो. म्हणाली, "मला आता जमायचं न्हाई. मी शाळंत पोरांचा भात शिजवाय जातो. सकाळी साताला निघतो." मग सहज बोलावं तसं म्हणाली, "तिसरा भाग बघितला, शेजारच्या आक्कांच्या मोबाईलवर. ह्यास्नी बी दावला. शेवटची पाटी लागायच्या आधी बंद करणार हुतो, पण राहिलं."

पाटीवर मी कुणाचं नाव दिलं होतं ते तिनं उच्चारलं नाही. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना कळे गावाजवळ गाडी कडेला घेतली आणि रडलो. त्यानं ज्ञानूचं काय भलं झालं?

६ ऑक्टोबर, सोमवार

ऋता मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाच भागांच्या पाट्या लागून गेल्या, आता बदलता येत नाहीत, पुढच्या भागांना नाव देऊ. मी म्हटलं, पुढचे भाग त्यांनी केलेलेच नाहीत. धवल उठून बाहेर गेला. त्याला हे आधी किती माहीत होतं ते मी विचारलं नाही. मला तरी किती माहीत करून घ्यायचं होतं?

दहाच्या बैठकीत शीट उघडलं. सहावा लाल, सातवा लाल. मॅडमनी सांगितलं, शेवटचे पाच भाग आता पुण्यातच होतील.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमच्या कंपनीचं काम गेलंच, मग मशीन माझ्या गाडीत घालून मीच घेऊन गेलो. अनुजाला आधी कळवलं नाही, नको म्हणाली असती. ती शाळेतून आली तेव्हा मी टेबलावर सगळं जोडून बसलो होतो. तिच्या कपाळावर घाम होता, पदराला भाताचं शीत चिकटलं होतं. तिनं हातपाय धुतले, खाट ओढली, ज्ञानूला उशी लावून बसवलं आणि त्याचा डावा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

घोंगडीवाला लावला. माग चालतोय, धोटा इकडून तिकडं जातोय. तिनं चित्र चालवलं. आम्ही दोघंही त्या हाताकडं बघत होतो. धोटा गेला, आला, गेला. माणूस उठला, पाणी प्यायला, परत बसला. शॉट संपला. तिनं मागं घेतला आणि पुन्हा चालवला. असं सहा वेळा. हात तिच्या गुडघ्यावरून घसरून खाटेवर पडला तेव्हा तिनं तो परत उचलून ठेवला नाही.

तिनं मशीन बंद केलं आणि वायरी काढायला लागली. मला ते बघवेना. मी खाटेपाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हटलं, "ज्ञानू, अरे घाई नाही. तुझं काम तुझ्यासाठीच ठेवलंय. दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही."

अनुजा वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं बोलू नगासा भावोजी. त्यास्नी ऐकाय येतंय सगळं."